रडायचं माप

लग्नाचं ब्लाउज शिवायला आलेल्या मुलीचं माप मेहकरच्या टेलरबाई आधी सगळ्यांसारखंच घ्यायच्या. मग टेप तसाच छातीभोवती धरून म्हणायच्या, "आता रडून दाखव."

मुलगी हसायची. पहिल्यांदा सगळ्याच हसायच्या. बाई टेप सोडायच्या नाहीत.

"हासू नको. हासताना बाई पोटातून हासते, रडताना छाती भरून येते. मांडवात तू रडशीन अन माह्ये हूक पटापटा तुटतीन. मंग तुह्या सासरचे मलेच नावं ठेवतीन. रड."

तरीही रडू आलं नाही तर बाईंकडे एक हुकमी वाक्य होतं. टेपवर नजर ठेवून त्या अगदी सहज विचारायच्या, "काऊन वं, परवापासून बापाचा चा कोन मांडन?" जिनं जन्मात बापाला चहा करून दिला नसेल ती पोरगीसुद्धा या प्रश्नावर हमसून रडायची. तिच्यासोबत आलेली आई रडायची, मावशी रडायची, बाकावर आपल्या पाळीची वाट बघणारी अनोळखी बाईही पदर डोळ्याला लावायची. आणि त्या रडारडीत टेलरबाई खणखणीत आवाजात ओरडायच्या, "आयकलं का हो! छाती चौतीस! रडून छत्तीस!"

हे ओरडणं यजमानांसाठी असायचं. त्यांची अर्धी हयात खामगावकडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनशेजारी गेली, आणि परत आले ते कान तिथेच ठेवून. आता ते दुकानाच्या मागच्या टोकाला टेबलाशी उभे राहून कापड बेतायचे. त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगायचं म्हणजे ते आधी बसस्टँडपर्यंत ऐकू जाणार. आमच्या भागातल्या कोणत्या बाईची कंबर किती हे कंडक्टरांनाही माहीत असायचं. एका मास्तरीणबाईंचं माप असंच रस्त्यावर गेलं आणि त्यानंतर आठवीच्या वर्गात म्हणे बरेच दिवस फळ्यावर तेवढाच आकडा लिहिलेला सापडायचा. मास्तरीणबाई भांडायला आल्या, तर टेलरबाई म्हणाल्या, "माप हाय ते. चोरी थोडीच हाय." आणि त्यांनी पुन्हा माप घेऊन पुन्हा ओरडून सांगितलं, कारण मास्तरीणबाई तेवढ्यात थोड्या वाळल्या होत्या.

बाई स्वतः काटकुळ्या होत्या. चष्म्याची काडी तुटलेली, तिच्या जागी इलॅस्टिक. पदराला इतक्या टाचण्या की जवळ बसायची भीती वाटावी. आणि सगळ्या तालुक्याला अंगाबरहुकूम ब्लाउज शिवून देणाऱ्या या बाईचं स्वतःचं ब्लाउज मात्र खांद्यावरून कायम घसरत असायचं. गिऱ्हाइकाला त्या आधी पाठमोरं करून दारापर्यंत चालायला लावायच्या. समोरून बघायच्या ते सगळं झाल्यावर, तेही ओझरतं. "पुढून सारेच सजून उभे राह्यतेत," म्हणायच्या.

गेल्या काही वर्षांत मुली मोबाइलमध्ये फोटो घेऊन यायला लागल्या. कंबर मुठीत मावेल अशी, छाती उचललेली, पाठीवर नाडीची जाळी. कोरसेट ब्लाउज. टेलरबाई त्याला खोगीर म्हणायच्या. "खोगीर पाह्यजे का तुले? बरं. आण फोटो." नाक मुरडायच्या, पण असं खोगीर आसपासच्या तालुक्यांत दुसरं कोणी शिवत नव्हतं. शहरात त्यासाठी प्लॅस्टिकच्या तयार पट्ट्या मिळतात. बाईंनी त्या एकदाच वापरल्या. मे महिन्यातलं लग्न, अंगाची ऊब लागून पट्ट्या मऊ पडल्या, नवरी जेवायला वाकली तशा वाकल्या आणि तशाच राहिल्या. तेव्हापासून बाईंनी कापसाच्या गाठीला आवळतात ती पोलादी पट्टी धरली. यजमानांच्या जुन्या ओळखीनं जिनिंगमधून तुकडे यायचे. ते पत्र्याच्या कात्रीनं उभे चिरायचे, टोकं कानशीनं घासून गोल करायची आणि ती टोचू नयेत, घामानं गंजू नयेत म्हणून नेलपॉलिशमध्ये बुडवायची. कापड आतून गादीच्या खोळीचं, गादीपाटाचं, कारण गादीपाट ताणला तरी ढिला पडत नाही. नाडी ओवायच्या भोकांना ताडपत्रीवाल्याकडच्या पितळी कड्या. वरून हवं तेवढं सॅटिन आणि मोती. आत काय आहे हे नवरीला आणि बाईंनाच ठाऊक.

पट्ट्या मात्र त्या कमरेच्या घडीच्या वरच थांबवायच्या. फोटोत तशा नसतात म्हणून मुली कुरकुरायच्या. बाई म्हणायच्या, "फोटोतली बाई उभीच हाय जनमभर. तुले पाटावर बसा लागते, साऱ्या भावकीच्या पायावर वाका लागते." आणि खोगीर घालून झालं की शिलाई मशीनच्या पाया पडायला लावायच्या. मग पाटावर बसायचं. मग उठायचं. मग रडायचं. एवढं झालं की खोगीर पास.

हे सगळं मी इतकं बारकाईनं सांगते आहे, कारण त्या दुकानाची जितकी धास्ती मी घेतली तितकी आयुष्यात दुसऱ्या कशाचीच घेतली नाही.

माझी पाठ वाकडी आहे. शाळेत असताना कणा एका बाजूला वळत गेला, उजवा खवाटा वर आला, डावी बाजू आत गेली. डॉक्टरांनी दिलेला प्लॅस्टिकचा कडक पट्टा मी दोनेक वर्षं गणवेशाच्या आत घातला. वाढ थांबली तसं वाकडेपणही थांबलं, पण जेवढं होतं तेवढं राहिलं. दुखायचं कमी, दिसायचं जास्त. आईनं तेव्हापासून माझ्या वेणीची जागा ठरवून टाकली, उजव्या बाजूनं पाठीवर. ओढणी दोन्ही खांद्यांवरून. फोटो काढताना भिंतीला टेकून.

स्थळ साखरखेर्ड्याचं आलं. आम्ही जानेफळचे. बघायचा कार्यक्रम बसूनच झाला, पोहे माझ्या वहिनीनं दिले, आणि पाहुणे उठेपर्यंत मी जागची हलले नाही. मुलगा मला आवडला होता. तो फोनवर कमी बोलायचा आणि मी सांगितलेलं सगळं लक्षात ठेवायचा. मी त्याला सगळं सांगायची. फक्त एक सोडून.

मग बस्ता बांधायची वेळ आली. नवरीचा शालू सासरचा, आणि त्यावरचं ब्लाउजही सासरचेच शिवून आणणार. त्यासाठी त्यांनी मापाचं ब्लाउज मागितलं. हे सगळीकडेच मागतात. पण माझं ब्लाउज नुसतं घडी करून ठेवलं तरी कळतं. पाठीचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा मोठा. आईनं ते परत कपाटात ठेवून दिलं. मग तिनं माझ्या मामेबहिणीचं ब्लाउज मागवलं आणि साखरखेर्ड्याला तेच पाठवून दिलं. मामेबहीण सरळ. साधारण माझ्याच अंगाची.

"माय, ते मले बसन का?" मी म्हटलं.

"त्याचं पाहू आपन."

पाहायचं म्हणजे काय, तर टेलरबाईंकडून आत घालायला कोरसेट करून घ्यायचं. डावीकडे भर घालायची, उजवीकडे आवळायचं, आणि मामेबहिणीच्या मापाच्या ब्लाउजात मला बसवायचं. ब्लाउज अंगाला शिवतात. आम्ही ब्लाउजाला अंग शिवायला निघालो होतो.

आम्ही भर दुपारची वेळ धरली, दुकानात कोणी नसेल अशी. रस्त्यानं माझ्या कानात एकच वाक्य वाजत होतं. आयकलं का हो! उजवी बाजू इतकी, डावी इतकी! मेहकरला साखरखेर्ड्याची माणसं रोज येतात. एका माणसानं ऐकलं की झालं. मी आईला म्हटलं, परत जाऊ. ती माझा दंड धरून चालत राहिली.

दुकानात बाई एकट्याच होत्या, मागे यजमान. बाईंनी मला पाठमोरी केली, चालवली. मग ओढणी बाजूला केली आणि दोन्ही तळवे माझ्या पाठीवर सपाट ठेवले. त्यांनी टेप लावला, एका बाजूचा वेगळा, दुसऱ्या बाजूचा वेगळा, आणि मी डोळे मिटून घेतले.

पण ओरडणं आलंच नाही. बाई उठल्या, टेबलापर्यंत चालत गेल्या आणि खडूनं कापडावर यजमानांना काहीतरी काढून दाखवलं. त्यांनी मान हलवली. मला हायसं वाटायला हवं होतं. पण जी बाई कोणासाठी आवाज खाली आणत नाही ती माझ्यासाठी गप्प बसली, म्हणजे माझं किती वाईट आहे, हेच मनात आलं.

मग बाईंनी फळीवरून एक पिशवी काढली. तिच्यातून एक ब्लाउज निघालं. मामेबहिणीचं ब्लाउज. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी शालूवरचं काम याच दुकानात दिलं होतं.

"हे म्या शिवेल हाय," टेलरबाई म्हणाल्या. "तुह्या भावाच्या पोरीचं. हे नवरीचं माप म्हनून माह्याकडं आलं तवाच म्या म्हटलं, हे इकडं कसं आलं?"

आईनं हात जोडले. "बाई, कोनाले सांगू नका. पोरीचं जमून राह्यलं. तुमच्या पाया पडतो."

बाई हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. टेप पुन्हा माझ्या छातीभोवती आला. "रडून दाखव."

मला रडू येईना. इतकी भ्यालेली होते. बापाच्या चहाचं वाक्यही बाईंनी टाकून बघितलं, काही झालं नाही. मग त्यांनी हळूच, आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "खोगीर देईन करून. मांडवात सरळ दिसशीन. पन मंग काढशीन कवा? अन कोनासमोर?"

मी रडले. फार रडले. बाईंनी शांतपणे टेप वाचला.

खोगीर मात्र त्यांनी जीव ओतून केलं. ट्रायलच्या दिवशी नाडी आवळून झाल्यावर बाईंनी मला आरशासमोर उभं केलं, आणि पाठ दिसावी म्हणून दुसरा आरसा मागे धरला. मी सरळ होते. दोन्ही खांदे एका रेषेत. मला हे लिहायला संकोच वाटतो, पण मला स्वतःचा पुतळा बघावा तसं बघतच राहावंसं वाटलं. आई तोंडावर पदर धरून उभी होती. मशीनच्या पाया पडले, पाटावर बसले, उठले. रडायचं तेवढं जमलं नाही, श्वास वरपर्यंत पोचतच नव्हता.

"हे नापास हाय," बाई म्हणाल्या. "पन घेऊन जाय."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. सासरहून फोन यायचा. सासूबाई हळद कुठली घ्यायची हे विचारायच्या आणि मला वाटायचं, आता पुढचं वाक्य तेच असणार. मुलाला सांगून टाकावं असं रोज ठरवायची, आणि रोज त्याचा आवाज ऐकला की वाटायचं, आजचा एक दिवस तरी राहू दे. बाईंचा प्रश्न पोळी लाटताना, कपडे वाळत घालताना मध्येच यायचा. काढशीन कवा?

लग्नाच्या सकाळी वऱ्हाड आलं. शालूचं ताट आत आलं. दार लावून आईनं आणि वहिनीनं मला खोगीर चढवलं, नाडी आवळली, मी सरळ झाले. वर ब्लाउज घातलं आणि हूक लागेनात.

पहिलं हूक नाही. शेवटचं नाही. उजवीकडे ब्लाउज सैल झुलत होतं आणि डावीकडे भरलेल्या भागावर ते ओढूनही बसत नव्हतं. बाहेर वाजंत्री, कोणीतरी दार वाजवून "आटपलं का" विचारत होतं. आई टेलरबाईंना शिव्या देत रडायला लागली. "बुढीनं माप बिघडवलं! वैर साधलं!" वहिनी सुईदोरा शोधत होती. मला श्वास घेता येईना. मी म्हटलं, आधी हे काढा. मरेन मी.

नाडी सोडली. खोगीर काढलं. वहिनीनं काहीतरी करायचं म्हणून ब्लाउज तसंच परत माझ्या अंगात घातलं आणि हूक लावला. लागला. दुसरा लागला. सगळे लागले. उजवा खवाटा त्यात अलगद बसला, डावीकडे एक चुणी नाही. उभ्या आयुष्यात मला इतकं नेमकं ब्लाउज कोणी शिवलं नव्हतं.

टेलरबाईंनी मामेबहिणीचं माप बाजूला टाकून शालूवरचं ब्लाउज माझ्याच अंगाचं शिवलं होतं, आणि आता ते घालून मला बाहेर जायचं होतं, जशी आहे तशी.

गेले. दुसरं करणार काय? त्या मांडवातलं मला फारसं आठवत नाही. आठवते ती पाठ. प्रत्येक नजर मला पाठीवर लागत होती. अक्षता पाठीवर पडल्या तरी दचकत होते. सासूबाई एकदा मागून आल्या आणि त्यांनी शालूचा पदर माझ्या उजव्या खांद्यावर नीट लावून दिला. त्यांचा हात तिथे क्षणभर थांबला, की मलाच तसं वाटलं? निघायच्या वेळी बाबा गाडीजवळ आले, म्हणाले, "चा घेतला का वं तू?" आणि मी जी रडले ती अख्ख्या भावकीनं बघितली. हूक एकही तुटला नाही.

गाडीत माझ्या सीटवर, डाव्या बाजूला, एक छोटी उशी ठेवलेली होती. मी नवऱ्याकडे बघितलं. "आईनं ठेवली," तो म्हणाला. "रस्ता लय खराब हाय म्हने."

नवऱ्याला कळायचं ते कळलंच. तो म्हणाला, "दुखते का?" मी म्हटलं, कधी कधी. आणि म्हटलं, आईंना सांगू नका. तो "बरं" म्हणाला.

माहेरी पहिल्यांदा आले तेव्हा मी टेलरबाईंशी भांडायला गेले. आभार मानायला गेले असते तर बरं झालं असतं, पण मनात रागच होता. मला न विचारता त्यांनी मला उघडी पाडली होती. मी म्हटलं, "मापाचं ब्लाउज दुसरंच दिलं होतं ना तुम्हाले? मंग तुम्ही कोनाले इचारून बदललं?"

बाई दातात दोरा धरून हसल्या आणि मागे ओरडल्या, "आयकलं का हो! पोरगी भांडाले आली! लगन मानवलं!" यजमानही हसले. त्यापलीकडे बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. मी समजले ते एवढंच, की बाईंनी सासूबाईंपासून लपवून माझं माप वापरलं. म्हणजे लपवायचं ते अजून लपलेलं आहे.

आणि मी ते लपवत राहिले. सासूबाईंसमोर पदर दोन्ही खांद्यांवर. अंगणात सडा टाकताना त्या मागे उभ्या असल्या की मी वळून उभी राहायची. त्यांनी कधी माझ्या पाठीला तेल लावून देते म्हटलं, तर मला आजच डोकं धुवायचं असायचं. इतकी वर्षं. उशी मात्र घरात कुठेही बसले की माझ्या डाव्या बाजूला आपोआप येऊन पडलेली असायची, आणि मी समजायची, या घरात उशा फार आहेत.

यंदा नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. ब्लाउज टेलरबाईंकडेच शिवायचं असं सासूबाईंनी लावून धरलं, म्हणून आम्ही दोघी मेहकरला गेलो. दुकानाचं शटर बंद होतं. शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं, बाई दिवाळीत गेल्या, यजमानांना मुलगी घेऊन गेली. शटरवर अजून "लेडीज टेलर" दिसत होतं. सासूबाई तिथल्या बाकावर बसल्या. त्यांनी दोन चहा सांगितले. चहा अर्धा झाल्यावर म्हणाल्या, "याच बाकावर बसली होती म्या, तुह्या ब्लाउजच्या वक्ती."

मी पदर दोन्ही खांद्यांवर ओढून घेतला.

"झालं का म्हनून पाह्याले आली होती. तं हे बाई मले पाह्यते अन मांगं बुढ्याले वरडते, साखरखेर्ड्याची नवरी! पाठ, उजवी साडेआठ, डावी सात! पुऱ्या रोडनं आयकलं."

ज्या ओरडण्याला मी जन्मभर भ्याले ते माझं लग्न होण्याआधीच होऊन गेलं होतं. आणि जिच्यापासून लपवायचं तिच्यासमोरच.

"मंग?" मला एवढंच विचारता आलं.

"मंग काय. म्हने, आलेलं माप खोटं हाय, हे खरं हाय. शिवू का नको शिवू, सांगा. म्या इथं बसली. चा पेली. लय राग आला होता मले तुह्या मायचा." त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. "फोनवर मात्र माह्यं पोट्टं तुह्याशी बोलताना हासे. घरात कोनाशी हासत नाई ते."

"मंग काय सांगतलं तुम्ही बाईले?"

सासूबाईंनी रिकामा कप बाकाखाली ठेवला आणि माझ्या पाठीवर, उजव्या बाजूला, हात टेकून उठल्या.

"म्हटलं, शिवा. पन बगलेत जरा ढिल ठेवजा, पोरगी रडन त्या दिवशी."